कर्णवेध : वैद्य, सोनार आणि बालकाचे वय

‘सोनारानेच कान टोचावेत’ अशी मराठीत एक म्हण आहे. उपदेश करावयाचा तो अधिकारी माणसाने करावा, घरच्यांनी तीच गोष्ट दहा वेळा सांगितली तरी ती कानाआड होते, असा तिचा रूढ अर्थ. हा लाक्षणिक अर्थ इतका प्रबळ झाला आहे की म्हणीच्या वाच्यार्थाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वाच्यार्थ विचारात घेतला तर मात्र एक प्रश्न उपस्थित होतो. तान्ह्या बालकाचा कान टोचणे ही, कितीही किरकोळ मानली तरी, एक शस्त्रक्रिया आहे. उपलब्ध भारतीय शल्यग्रंथांत सर्वांत प्राचीन असलेल्या सुश्रुतसंहितेत तिचा विधी तपशिलाने सांगितला आहे, आणि तो वैद्याला उद्देशून सांगितला आहे. मग मराठी भाषेने हा अधिकार सोनाराकडे इतक्या निःशंकपणे कसा सोपविला? आणि ग्रंथाने सहाव्या-सातव्या महिन्यात सांगितलेली ही क्रिया महाराष्ट्रात बाराव्या दिवसापर्यंत अलीकडे कशी सरकली? हे दोन प्रश्न वरवर वेगळे दिसले तरी ते परस्परांशी निगडित आहेत. त्यांतील दुसरा तर केवळ ग्रंथालयात बसून सोडवावयाचा नाही. अर्भकाच्या जीविताशी त्याचा संबंध पोहोचतो.

प्रथम धर्मशास्त्रातील स्थान पाहू जाता असे दिसते की कर्णवेध हा संस्कारांच्या पंक्तीत उशिरा येऊन बसला आहे. गौतमाने चाळीस संस्कार मोजले, त्यांत कर्णवेध नाही. मनूने जातकर्म, नामकरण, निष्क्रमण, अन्नप्राशन, चूडाकर्म यांचा क्रम दिला, त्यातही तो नाही. प्राचीन गृह्यसूत्रांपैकी बहुतेकांना त्याची दखल घ्यावीशी वाटली नाही. पारस्कर गृह्यसूत्राला जोडलेल्या कात्यायनसूत्रात तिसरे किंवा पाचवे वर्ष सांगितले आहे. बौधायनगृह्यशेषसूत्रात सातवा किंवा आठवा महिना येतो. आणि व्यासस्मृतीच्या सोळा संस्कारांत मात्र त्याला मानाने जागा मिळालेली आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात ही परंपरा मांडताना, अर्वाचीन काळी हा विधी सामान्यतः जन्मापासून बाराव्या दिवशी होतो, अशी नोंद केली आहे. पाचवे वर्ष, तिसरे वर्ष, आठवा महिना आणि अखेर बारावा दिवस, असे हे वयाचे अंतर आहे. संस्कार तोच, परंतु ज्याच्यावर तो होतो ते बालक प्रत्येक ठिकाणी अगदी निराळे आहे.

याचा अर्थ कान टोचण्याची चाल अर्वाचीन आहे असा नव्हे. ऋग्वेदात ‘कर्णशोभन’ हा शब्द आहे आणि सोन्याने कान अलंकृत झालेल्याचे वर्णनही आहे. कानात घालावयाचे दागिने होते. ते अडकविण्यासाठी पाळीला छिद्र पाडीत असावेत हे अनुमान स्वाभाविक आहे. तेव्हा आधी लोकांत चाल होती, पुढे वैद्यकाने तिची पद्धत बांधून दिली आणि त्यानंतर धर्मशास्त्राने तिला मंत्र व मुहूर्त यांचे कोंदण दिले, असा क्रम मानणे युक्त ठरते. आज मात्र नेमका उलटा क्रम गृहीत धरला जातो. शास्त्रात सांगितले म्हणून कान टोचतात, असे लोक समजतात. वस्तुतः लोक टोचीत होते म्हणून शास्त्राला सांगावे लागले.

वैद्यकाने घालून दिलेली ही पद्धत सूक्ष्मपणे पाहण्यासारखी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय सबंध कर्णव्यध आणि कर्णबंध ह्या विषयाला दिलेला आहे. मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयाने डल्हणाच्या टीकेसह ह्या ग्रंथाची जी आवृत्ती काढली, आणि जिचे संपादन यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी केले, तिच्यामुळे तो सर्व अभ्यासकांना सुलभ झालेला आहे. अध्यायाच्या आरंभीच प्रयोजन दिले आहे : रक्षण आणि भूषण. बालग्रहांपासून रक्षण व्हावे आणि दागिना घालता यावा, ह्या दोन हेतूंनी बालकाचे कान विंधावयाचे. काळ सहावा किंवा सातवा महिना, शुक्लपक्षातील प्रशस्त तिथी. मंगलविधी झाल्यावर बालकाला मांडीवर घ्यावे, खेळणी देऊन त्याचे मन रमवावे, गोड बोलून त्याला शांत करावे. मग वैद्याने डाव्या हाताने कान ताणून धरावा, सूर्याचा किरण पाळीवर पडेल असे करावे आणि त्या प्रकाशात जेथे निसर्गतःच छिद्रासारखी जागा दिसते तेथे उजव्या हाताने हळूहळू व सरळ वेध करावा. पाळी पातळ असेल तर सुईने. जाड असेल तर आरेने. (मराठीतील ‘आरी’ हा शब्द ह्याच ‘आरा’ शब्दापासून आलेला आहे, आणि ‘कानाची पाळी’ ही ‘कर्णपाली’च होय.) मुलाचा उजवा कान प्रथम, मुलीचा डावा. छिद्रात कापसाची बारीक वात घालावी आणि कच्च्या तेलाचे सेचन करावे.

सूर्यकिरणाचा हा तपशील केवळ मंगलार्थ नाही. प्रकाशापुढे धरलेल्या अर्भकाच्या पाळीत रक्तवाहिन्या गडद रेषांप्रमाणे दिसतात आणि त्यांच्यामधील जागा उजळ, जवळजवळ पारदर्शक भासते. ‘दैवकृत छिद्र’ ते हेच. प्रत्यक्षात तेथे छिद्र नसते. रक्तवाहिनी नसलेली जागा असते. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात, बालोपचाराच्या पहिल्याच अध्यायात, हीच जागा अधिक नेमकी सांगितली आहे : कर्णपीठाच्या मध्यावर, किंचित गालाच्या बाजूस, केवळ पातळ पापुद्र्याने झाकलेली आणि किरणांनी उजळलेली. तेथे आळित्याच्या रसाने खूण करावी, कान निश्चल धरावा आणि वेध एकदाच, सरळ आणि हलक्या हाताने करावा. आज कानाच्या पाळीवर शाईचा ठिपका देऊन मग सुई घालणारा शल्यवैद्य करतो ते याहून वेगळे नाही. वाग्भटाने आणखी दोन अटी घातल्या आहेत. बालक नीरोग असावे, आणि काळ हिवाळ्याच्या आगमनाचा असावा. सहावा, सातवा किंवा आठवा महिना ही त्याची मर्यादा. जखम चिघळण्याचे भय उष्ण व दमट ऋतूत अधिक, हा अनुभव ह्या दुसऱ्या अटीमागे असावा.

सुश्रुताने यशापयशाची परीक्षाही दिली आहे. रक्त फार गेले किंवा वेदना फार झाली तर वेध भलत्याच ठिकाणी झाला असे समजावे. उपद्रव झाला नाही तर योग्य जागी झाला. अज्ञ माणसाने यदृच्छेने टोचले तर कालिका, मर्मरिका व लोहितिका ह्या तीन सिरा विद्ध होतात. पहिलीच्या वेधाने ज्वर, दाह, सूज व वेदना. दुसरीच्या वेधाने वेदना, ज्वर व गाठी. आणि तिसरीच्या वेधाने मन्यास्तंभ, अपतानक, शिरोग्रह व कर्णशूल होतात. हा भाग वाचताना थांबावयास हवे. मन्यास्तंभ म्हणजे मानेचा ताठरपणा, अपतानक म्हणजे शरीराला येणारे आचके व ताठा. आधुनिक शारीराच्या दृष्टीने पाळीतील कोणत्याही शिरेला इजा झाल्याने आचके येत नाहीत. तेव्हा कारणमीमांसा टिकत नाही. पण निरीक्षण टिकते. कान टोचल्यानंतर काही दिवसांनी मान ताठलेली, अंग धनुष्यासारखे वाकलेले बालक त्या वैद्यांनी पाहिले असले पाहिजे. अन्यथा ही लक्षणे ह्या क्रियेशी जोडली जाण्याचे कारण नव्हते. प्राचीन रोगनामांना आधुनिक नावे चिकटविण्याचा मोह आवरावा हे खरे. तरीही येथे धनुर्वाताची छाया दिसते असे म्हणण्यास हरकत नसावी. तिन्ही सिरांच्या लक्षणांत मिळून जे चित्र उमटते, ते स्थानिक सूज, पुवाने होणारा ज्वर, कठीण गाठी व अखेर आचके, तेच अस्वच्छ वेधाच्या उपद्रवांचे आजचेही चित्र आहे.

ह्या अध्यायाचा उत्तरार्ध वैद्यकाच्या इतिहासात अधिक प्रसिद्ध आहे. त्या काळी छिद्र पाडून थांबत नसत. दर तिसऱ्या दिवशी अधिक जाड वात घालून, पुढे वर्धनक नावाची साधने वापरून ते वाढवीत. लोंबत्या पाळीची ही आवड अजिंठ्याच्या चित्रांत आणि बुद्धमूर्तींच्या कानांत डोळ्यांसमोर उभी आहे. ताणलेली पाळी साहजिकच कधी दोषाने, कधी आघाताने तुटे व तिचे दोन भाग होत. ते जोडण्याचे नेमिसंधानक, उत्पलभेद्यक, गंडकर्ण इत्यादी पंधरा प्रकार सुश्रुताने सांगितले. त्यांपैकी दहा साध्य आणि संक्षिप्त, हीनकर्ण, वल्लीकर्ण, यष्टिकर्ण व काकौष्ठक हे पाच असाध्य, असे त्याने प्रामाणिकपणे नमूदही केले. गंडकर्णात तर गालाची त्वचा वळवून पाळी घडवावयाची आहे. ह्याच अध्यायाच्या अखेरीस, जणू त्याच कौशल्याचा पुढचा टप्पा म्हणून, गालावरील त्वचेने छिन्न नासिका जोडण्याची कृती येते. नासासंधानाबद्दल सुश्रुताचा जगभर गौरव होतो. पण त्या शस्त्रक्रियेचा पाया बालकांचे कान टोचण्याच्या नित्याच्या व्यवहारात आणि त्या व्यवहारातील अपघातांत आहे, हे क्वचितच लक्षात घेतले जाते.

येथे महाराष्ट्राचा संबंध येतो आणि मूळ प्रश्नावरही प्रकाश पडतो. १७९२ च्या युद्धात इंग्रजी सैन्याच्या चाकरीत असलेला कावसजी नावाचा एक बैलहाक्या टिपू सुलतानाच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापण्यात आले. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ एका कारागिराने त्याच्या कपाळावरची त्वचा वळवून नवे नाक केले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज शल्यवैद्यांनी ही क्रिया पाहिली, आणि ऑक्टोबर १७९४ च्या लंडनमधील ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये तिचे सचित्र वर्णन छापून आले. त्यावरून स्फूर्ती घेऊन जोसेफ कार्प्यू याने १८१४ साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पुण्याजवळचा तो कारागीर कोण होता? वैद्य नव्हे. विटा पाडणाऱ्यांच्या जातीतील, म्हणजे बहुधा कुंभार, असे त्या वृत्तान्तावरून निष्पन्न होते. सुश्रुताने गालाची त्वचा सांगितली होती, येथे कपाळाची आहे; मधल्या काळात हस्तकौशल्याने आपली वाट आपणच काढलेली आहे. ग्रंथ वैद्यांकडे राहिला आणि हात कारागिरांकडे गेला, असे या स्थितीचे वर्णन करता येईल. नाक कुंभाराकडे गेले तसा कान सोनाराकडे गेला.

सोनाराकडे तो जाण्यास विशेष कारणेही होती. धर्मनिबंधांत बृहस्पतीच्या नावाने येणारे एक वचन सुई कोणत्या धातूची असावी हे ठरविते : राजपुत्रासाठी सोन्याची, ब्राह्मण व वैश्य यांच्यासाठी चांदीची, शूद्रासाठी लोखंडाची. देवलाच्या म्हणून सांगितलेल्या दुसऱ्या एका वचनात, ज्या ब्राह्मणाच्या कर्णछिद्रातून सूर्यकिरण आरपार जात नाही त्याच्या दर्शनाने पुण्य लयास जाते, इतकी कडक भाषा आहे. वैद्याने जागा शोधण्यासाठी वापरलेला सूर्यकिरण येथे छिद्राचे माप झाला आहे! पाळी पातळ की जाड, हा वैद्यकाचा प्रश्न मागे पडला; व्यक्ती कोणत्या वर्णाची, हा प्रश्न पुढे आला. सुई एकदा शस्त्र न राहता धातूच्या प्रतिष्ठेची खूण झाली की ती धातुकाराच्या हाती जाणे ओघानेच आले.

त्यात सोनाराच्या पद्धतीची सोय अशी की त्याने सुई आणि दागिना यांतील भेदच नाहीसा केला. बारीक तारेचे एक टोक घासून अणकुचीदार करावयाचे, त्याच तारेने पाळी विंधावयाची आणि तीच तार वळवून बाळी करावयाची. एकच वेध, एकच धातू, वातीची खटपट नाही. शुद्धतेच्या जवळ जाणारे सोने शरीरातील द्रवांशी सहसा प्रतिक्रिया करीत नाही, त्यामुळे जखम बरी होताना दाह कमी. सोनाराचा हात सूक्ष्म कामाला सरावलेला आणि दृष्टी तयार. ज्या वाग्भटाने ‘एकदाच, सरळ, हलक्या हाताने’ अशी अट घातली त्याची अट घरोघर हिंडणाऱ्या वैद्यापेक्षा सोनारानेच अधिक चांगली पाळली असेल. म्हणीला वाच्यार्थानेही आधार होता, तो असा. उणे होते ते एवढेच की तारेचे टोक घासणारी कानस, ती पुसणारे फडके आणि ती धरणारी बोटे यांच्या शुद्धतेविषयी त्या काळी कोणालाच, सोनाराला नाही तसे वैद्यालाही, काही ठाऊक नव्हते.

बाराव्या दिवसाचा उलगडाही ह्या स्थित्यंतरातच शोधावा लागतो. महाराष्ट्रात बाराव्या दिवशी बारसे होते. बाळंतिणीच्या घरी आप्तेष्ट जमतात. बाळाला आजोळचे सोने मिळावयाचे तेही त्याच सुमारास. सोनार दारी येणार तो त्याच दिवशी येणे सोयीचे. एका निमित्तात दोन कार्ये उरकतात, आणि नारळ-शिधा देऊन सोनाराची बोळवण होते. सहाव्या महिन्याच्या स्वतंत्र मुहूर्ताला असे सामाजिक निमित्त नव्हते. दक्षिणेकडे मात्र असे निमित्त टिकून राहिले. तमिळनाडूत ‘कादु कुत्तु’ हा स्वतंत्र समारंभ होतो, बालकाचे मुंडण करून त्याला मामाच्या मांडीवर बसवितात आणि कित्येकदा तो कुलदेवतेच्या देवळात होतो. ब्रह्मदेशात भावाच्या श्रामणेर-दीक्षेबरोबर बहिणीचे कान टोचण्याचा सोहळा होतो, म्हणजे तेथे वय कितीतरी पुढे गेलेले असते. वय ठरविते ते वैद्यक नव्हे, घरातील सोहळ्यांचे वेळापत्रक होय.

सुश्रुताने सांगितलेल्या दोन प्रयोजनांपैकी ‘रक्षण’ हे महाराष्ट्रात वेगळ्या रूपाने जिवंत राहिले. पुरुषांच्या कानाच्या वरच्या कडेला घालावयाच्या भिकबाळीचे नाव, मुले जगत नसलेल्या घरात भीक मागून मिळविलेल्या सोन्याची बाळी घालीत त्यावरून पडले, असे परंपरा सांगते. मुलाचे नाक टोचून त्याला नथू म्हणत, तेही त्याच भावनेने. दैवाची दृष्टी चुकवावयाची, मूल मुलीसारखे किंवा भिकाऱ्याचे भासवावयाचे. ‘भूषणा’ची बाजू तर समृद्धच आहे. पाळीत कुडी, बाळी, डूल, झुबे, पुरुषांना चौकडा, आणि वरच्या कडेला बायकांची बुगडी. या शेवटच्या जागेविषयी आधुनिक वैद्यकाला बरेच सांगावयाचे आहे.

कानाच्या पाळीत कूर्चा नसते; त्वचा, मेद व तंतू एवढेच असतात आणि रक्तपुरवठा चांगला असतो. तेथील जखम लवकर भरते. वरचा भाग मात्र कूर्चेचा. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात; तिचे पोषण तिच्यावरील आवरणातून होते. वेधाने हे आवरण सोलले गेले किंवा त्याखाली पू साचला तर कूर्चा मरते आणि कानाचा आकार कायमचा बिघडतो. हा दाह बहुतेकदा स्यूडोमोनास एरुजिनोझा ह्या, ओलाव्यात वाढणाऱ्या जंतूमुळे होतो. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात २००० साली एकाच दुकानात कानाची वरची कड टोचून घेतलेल्यांत ह्या संसर्गाची साथ उद्भवली; तपासात सात रुग्ण निश्चित व अठरा संशयित आढळले. तेथे वेधासाठी वापरले जाणारे साधन स्प्रिंगच्या जोराने बोथट खुंटी आरपार ढकलणारे, म्हणजे ज्याला बोलभाषेत ‘गन’ म्हणतात ते होते. अशा प्रकारची कित्येक साधने प्लॅस्टिकची असल्याने उच्च दाबाच्या वाफेने निर्जंतुक करता येत नाहीत, आणि बोथट खुंटी ऊतक छेदण्याऐवजी चिरडते. आज शहरांतील अनेक दुकानांत हेच साधन ‘शास्त्रीय’ म्हणून पुढे केले जाते. सोनाराच्या धारदार तारेपेक्षा ते अधिक शास्त्रीय आहे असे म्हणणे कठीण आहे.

आता वयाचा प्रश्न. भारतातील सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला इत्यादींवरील संयुक्त लस सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात दिली जाते. बाराव्या दिवशी कान टोचलेल्या अर्भकाला यांपैकी एकही मात्रा मिळालेली नसते. त्याचे धनुर्वातापासून रक्षण होते ते केवळ आईला गरोदरपणी दिलेल्या लसीमुळे तिच्या रक्तातून आलेल्या प्रतिपिंडांनी. ती लस आईने घेतली नसेल तर तेही नाही. नवजात अर्भकांतील धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे भारताच्या बाबतीत २०१५ साली मान्य झाले, ही मोठी गोष्ट आहे. परंतु निर्मूलन याचा अर्थ येथे प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण, असा आहे. रोगाचे बीजाणू मातीत आहेत आणि तेथेच राहणार आहेत. शिवाय पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळाला आलेला कोणताही ज्वर गंभीर मानावा लागतो. कारण ह्या वयात स्थानिक संसर्ग रक्तात पसरण्यास वेळ लागत नाही. पाळीवरची क्षुल्लक पुटकुळी पाच वर्षांच्या मुलाला त्रास देईल. बारा दिवसांच्या अर्भकाला ती रुग्णालयात नेऊ शकते.

सहाव्या-सातव्या महिन्यात, म्हणजे सुश्रुताच्या व वाग्भटाच्या काळमर्यादेत, तिन्ही मात्रा पूर्ण झालेल्या असतात. हा जुळून आलेला योग आहे. त्यावरून प्राचीनांना लसीचे रहस्य ठाऊक होते असे सुचविणे हास्यास्पद ठरेल; परंतु नवजात अवस्थेतील धोका ओलांडून, धडधाकट व नीरोग असल्याची खात्री पटलेले बालकच शस्त्राखाली घ्यावे, एवढा विवेक त्यांच्या नियमात निश्चित होता, आणि तो विवेक बाराव्या दिवसाच्या रूढीने गमावला. परंपरेचा आधार घेऊन बाराव्या दिवसाचा आग्रह धरणाऱ्यांनी आपली परंपरा अधिक जुन्या परंपरेच्या विरुद्ध आहे हे ध्यानात घ्यावे.

लवकर टोचण्याच्या बाजूने दोन युक्तिवाद केले जातात. एक असा की तान्ह्या बाळाला कळत नाही. नवजात अर्भकाची वेदनासंवेदना अपुरी असते, अशी समजूत वैद्यकातही दीर्घकाळ होती. १९८७ साली आनंद व हिकी यांनी आपल्या लेखात तिचा पाया काढून घेतला. बाळाला वेदना होते. ती लक्षात राहत नाही एवढेच. आणि सुश्रुताने तरी खेळणी कशासाठी सांगितली असती? दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. काही व्यक्तींत वेधाच्या जागी किलॉइड म्हणजे व्रणाची वाढती गाठ येते. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, अकरा वर्षांच्या आत कान टोचलेल्यांपेक्षा त्यानंतर टोचलेल्यांत ती अधिक आढळली. पाहणी लहान होती, तरी निष्कर्ष दुर्लक्षिण्याजोगा नाही. ज्या घराण्यात अशा गाठींची प्रवृत्ती आहे तेथे टोचावयाचेच असेल तर फार उशीर करू नये, असे त्यावरून म्हणता येईल. पण बालपण आणि बारावा दिवस यांत बरेच अंतर आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची अकादमी तर मुलाला स्वतः जखमेची निगा राखता येईल तोवर थांबण्याचा सल्ला देते. त्यात सैल फिरकी गिळली जाणे व घट्ट फिरकी पाळीत रुतणे यांचाही विचार आहे.

धातूची निवड हाही क्षुल्लक प्रश्न नव्हे. खोट्या दागिन्यांतील निकेल ताज्या जखमेत विरघळून शरीराला त्याची अतिसंवेदनशीलता जडवितो, आणि ती बहुधा जन्मभर टिकते. पुढे घड्याळाचा पट्टा किंवा जीन्सचे बटण लागले तरी अंगाला खाज सुटते. युरोपीय समुदायाने १९९४ साली ह्या कारणासाठी निकेलवर निर्बंध घातले. सोनाराच्या शुद्ध तारेने हा प्रश्न आपोआप टाळला होता.

कर्णवेधाचे समर्थन आज वैद्यकाच्या भाषेतही केले जाते. त्याने अंत्रवृद्धी टळते, बुद्धी तल्लख होते, दृष्टी सुधारते, असे सांगतात. अंत्रवृद्धीचा दावा सुश्रुताच्या चिकित्सास्थानातून आलेला आहे. परंतु तेथे शंखप्रदेशाच्या वर, कानाच्या कडेशी, सिरेचा वेध रोग्यावर करावयास सांगितला आहे. तो रोग झाल्यावरचा उपचार आहे. निरोगी बालकाच्या पाळीचा वेध नव्हे. दोन वेगळी स्थाने आणि दोन वेगळे अध्याय उत्तरकाळात एकत्र मिसळले गेले. बुद्धी व दृष्टीचा दावा तर त्याहून अलीकडचा आहे. फ्रान्समधील पॉल नोजिए या वैद्याने १९५० नंतरच्या दशकात कानावर सर्व शरीराचा नकाशा कल्पिला आणि त्यात पाळीच्या ठिकाणी मस्तक आले. त्या नकाशाला शारीरविज्ञानाने दुजोरा दिलेला नाही. विसाव्या शतकातील फ्रेंच कल्पना आणि प्राचीन भारतीय विधी यांची ही सांगड घालून ‘पूर्वजांचे विज्ञान’ सिद्ध करण्याचा प्रयत्न होतो, तेव्हा पूर्वजांनी खरोखर जे पाहिले व नोंदविले तेच झाकले जाते. सुश्रुताने बुद्धिवर्धन सांगितलेले नाही. त्याने भूषण सांगितले, ग्रहरक्षण सांगितले, आणि चुकल्यास काय होईल ते सांगितले.

एक गोष्ट मात्र ग्रंथकारांनी गृहीत धरली होती आणि आज ती उरलेली नाही. कर्णवेध मुलाचाही होता आणि मुलीचाही. भेद फक्त कोणता कान आधी, एवढाच. महाराष्ट्रातील शहरी घरांत मुलांचे कान टोचणे गेल्या शतकात मोठ्या प्रमाणावर मागे पडले, मुलींचे राहिले. संस्कार म्हणून जो विधी सर्वांचा होता तो भूषण म्हणून केवळ मुलींचा झाला. त्यामुळे बालकाच्या संमतीचा जो प्रश्न आज पाश्चात्त्य देशांत व तेथील मराठी कुटुंबांतही विचारला जातो, तो येथे मुलगी आणि मुलगा यांना निरनिराळ्या मापाने मोजण्याच्या प्रश्नाशी जाऊन मिळतो. पाळीतील छिद्र न वापरल्यास बहुधा आकुंचन पावते, क्वचित बुजते. म्हणून हा बदल परत न फिरणारा आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण तो करावयाचाच असेल तर बाराव्या दिवशी उरकून घेण्याइतका निकडीचाही नाही.

ज्या कुटुंबांना हा विधी करावयाचा आहे त्यांच्यापुढे असलेला मार्ग ग्रंथ व आधुनिक वैद्यक यांच्या मेळातून पुरेसा स्पष्ट होतो. चौदाव्या आठवड्याची मात्रा झाल्यावर, बाळ निरोगी असताना, फक्त पाळीत, निर्जंतुक व एकदाच वापरावयाच्या सुईने किंवा निर्जंतुक केलेल्या शुद्ध सोन्याच्या तारेने वेध करावा. करणारा वैद्य असो की सोनार, त्याने हात धुऊन हातमोजे घातलेले असावेत. छिद्रात घातलेली तार वा खुंटी सुमारे सहा आठवडे काढू नये. सुश्रुताचा दर तिसऱ्या दिवशी वात बदलण्याचा नियम येथे सोडून द्यावा लागतो, कारण तो पाळी वाढविण्यासाठी होता आणि वाढविलेल्या पाळीची हौस आता उरलेली नाही. कच्चे तेल व हळद यांऐवजी उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने जागा स्वच्छ ठेवणे बरे. लाली पसरू लागली, पू दिसला किंवा ज्वर आला तर सोनाराकडे न जाता त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे.